कस्टम लूपसाठी पंप कोणता घ्यावा आणि टाकी केवढी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक सीपीयू, एक ग्राफिक्स कार्ड, ३६० मिमीचे दोन रेडिएटर, मध्यम आकाराची केस आणि आयुष्यातला पहिलाच कस्टम लूप, म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने गार करायची, सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेली यंत्रणा. पंप डी५ घ्यावा की डीडीसी (हे दोन नेहमीचे प्रकार), एक पंप पुरेल की दोन लागतील, आणि "रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) जितका मोठा तितकं तापमान कमी" असं कुणीतरी ठासून सांगितलंय ते कितपत खरं.

ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा येणारे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. एक डी५ घ्या, पीडब्ल्यूएमवाला (म्हणजे मदरबोर्डवरून वेग ठरवता येणारा), टाकीसकट एकत्र येणारा कॉम्बो, टाकी १५० ते २५० मिलीची, केसमध्ये जागा असेल तर थोडी मोठी पण चालेल. पंप ६० टक्क्यांच्या आसपास एकाच वेगावर ठेवा. दुसऱ्या पंपाची गरज नाही. आणि टाकीचा तापमानाशी जवळजवळ संबंध नाही, तो गैरसमज आहे, त्याचं गणित खाली करून दाखवतो.

आता सविस्तर. लोक पंप बघताना सगळ्यात आधी डब्यावरचा आकडा बघतात, डी५ वर लिहिलेलं असतं १५०० लिटर प्रति तास आणि हेड, म्हणजे दाब, ३.९ मीटर, आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी पंपावर जास्त आकडा दिसला की तोच भारी असं ठरवून मोकळे होतात. पण १५०० हा आकडा पंपाला पुढे काहीच जोडलेलं नसतानाचा आहे, आणि ३.९ मीटर हा आकडा पुढचं तोंड पूर्ण बंद असताना, म्हणजे पाणी अजिबात वाहत नसतानाचा आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. तुमच्या लूपमध्ये पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करणार, आणि नेमकं कुठे ते तुमचे ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी जाणारे धातूचे ठोकळे), रेडिएटर, फिटिंग (नळ्यांचे जोड) मिळून किती अडथळा करतात त्यावर ठरणार. म्हणून चांगल्या पंपासोबत आलेख दिलेला असतो, आडव्या रेषेवर प्रवाह, उभ्या रेषेवर दाब. तो आलेखच नसेल आणि फक्त "८०० लिटर!!" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर मी तो पंप हातात पण घेत नाही.

हेडवरून अजून एक गोंधळ कायम होतो. केस उंच आहे, रेडिएटर वर छतात आहे, मग पंपाला तेवढं पाणी चढवायला जमेल का, असं लोक विचारतात. एकदा लूप पूर्ण भरला आणि हवा निघाली की उंचीचा प्रश्न उरतच नाही, कारण जेवढं पाणी वर चढतंय तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येतंय, दोघांचं वजन एकमेकांना तोलून धरतं. पंपाला फक्त घर्षणाशी भांडायचं असतं. उंची फक्त पहिल्यांदा भरताना जाणवते, जेव्हा अर्ध्या नळ्या रिकाम्या असतात. त्यामुळे ३.९ मीटर हेड वाचून "माझी केस तर अर्धा मीटरच आहे, मग एवढा मोठा पंप कशाला" हा हिशोबही चुकीचाच. ते मीटर म्हणजे दाब आहे, १ मीटर म्हणजे साधारण ०.१ बार, आणि तो बहुतेक सगळा दाब ब्लॉकच्या बारीक फटींमध्ये खर्च होतो.

खर्च सगळ्यात जास्त कुठे होतो? सीपीयू ब्लॉकमध्ये. आत जेट प्लेट असते, तिच्यातल्या अरुंद फटीतून पाणी केसांएवढ्या बारीक खाचांवर मारलं जातं, म्हणून तिथे दाब जातो. ग्राफिक्स कार्डचा ब्लॉक त्यानंतर, रेडिएटर बहुतेक वेळा अगदीच कमी अडवतात. ९० अंशाच्या फिटिंगवरून लोक उगाच रात्र जागवतात, चारसहा लावल्या तर काही आभाळ कोसळत नाही. क्विक डिस्कनेक्टची (पाणी न सांडता नळी सोडवायच्या जोडाची) जोडी मात्र चांगलीच अडवते, ती लावणार असाल तर हिशोबात धरा. आणि नळीचा आतला व्यास १० मिमी का १२ मिमी यात पडूच नका, जी दिसायला आवडते आणि जिच्या फिटिंग सहज मिळतात ती घ्या.

मग किती प्रवाह हवा? जुना ठोकताळा आहे १ गॅलन प्रति मिनिट, म्हणजे २२७ लिटर प्रति तासाच्या आसपास. मी स्वतः १५० च्या वर काहीही असेल तर समाधानी असतो, आणि का ते आकड्यातच बघा. समजा सीपीयू आणि कार्ड मिळून ५०० वॉट उष्णता पाण्यात टाकतायत. १ किलो पाणी १ अंशाने तापायला ४१८६ जूल लागतात. प्रवाह तासाला ६० लिटर असेल तर लूपमधल्या सगळ्यात गार आणि सगळ्यात गरम पाण्यात ७ अंशांचा फरक पडतो. १२० लिटर केला की ३.६. २४० केला की १.८. आणि ४८० केला, जे एका पंपाने असल्या लूपमध्ये होणं अवघडच आहे, तर ०.९. म्हणजे पहिल्या दुपटीने साडेतीन अंश कमावले आणि शेवटच्या दुपटीने एक अंशसुद्धा नाही. ब्लॉकच्या आतली उष्णता घेण्याची क्षमताही प्रवाहासोबत थोडी वाढते हे खरंय, पण तिथेही तेच, सुरुवातीला फायदा आणि मग सपाट. ६० च्या खाली जाऊ नका, १५०-२०० वर पोचलात की पुढचं सगळं फक्त आवाज वाढवणं आहे.

याच गणितातून अजून एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, की आधी सीपीयू का आधी कार्ड, मध्ये रेडिएटर टाकायचा का. पूर्ण लूपमध्ये फरकच दोन अडीच अंशांचा असेल तर क्रमाने काय मोठं होणारे. नळ्या जिथून सरळ आणि छोट्या जातात तसा क्रम लावा. एकच क्रम पाळायचा, टाकी पंपाच्या लगेच आधी आणि पंपापेक्षा उंचावर, तो का ते पुढे येईलच.

आता पंपाच्या वेगाबद्दल, कारण निवडीचा खरा मुद्दा इथेच आहे आणि याच्यावर फारसं कुणी बोलत नाही. या प्रकारच्या पंपात वेग अर्धा केला की प्रवाह साधारण अर्धा होतो, दाब चौथाई होतो, आणि पाणी ढकलायला लागणारी ताकद आठवा भाग. डी५ चा पूर्ण वेग ४८०० आरपीएमच्या आसपास. समजा पूर्ण वेगात तुमच्या लूपमध्ये ३०० लिटर प्रति तास वाहतंय. ३००० आरपीएमवर आणला की साधारण १९० लिटर मिळतील. वरच्या हिशोबाने पाण्याच्या तापमानातला फरक १.४ वरून २.३ अंश झाला, म्हणजे एका अंशापेक्षा कमी नुकसान, आणि त्या बदल्यात पंप घरघरायचा थांबून ऐकूच येईनासा झाला. म्हणून पंप निवडताना "पूर्ण वेगात किती" हा प्रश्नच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, मी बघतो की ६० टक्क्यांवर शांत चालतो का आणि तेवढ्यात माझं काम भागतं का.

डी५ विरुद्ध डीडीसी. दोन्ही मुळात लाइंग या कंपनीचे, ती कंपनी २००९ मध्ये आयटीटीने घेतली आणि २०११ मध्ये आयटीटीमधून झायलम वेगळी झाली, त्यामुळे जुन्या लिखाणात लाइंग दिसतं आणि नव्यात झायलम किंवा तिचाच ब्रँड लोवारा, बावचळून जाऊ नका. वॉटर कूलिंगच्या सामानावर ज्या मोठमोठ्या ब्रँडची नावं असतात त्यातले बरेच जण हाच पंप घेऊन स्वतःचं टॉप (पंपाचं नळ्या जोडायचं वरचं झाकण), कव्हर आणि दिवे लावून विकतात. आत मोटर तीच. सारख्याच मापाच्या नकला पण भरपूर आहेत, काही बऱ्या असतात, पण त्यातलं बेअरिंग कसं निघेल याची खात्री मी तरी देणार नाही.

डी५ ची रचना मला मनापासून आवडते. आत शाफ्ट नाही, शाफ्टचं सील नाही. रोटर आणि पंखा मिळून एकच वाटीसारखा तुकडा असतो, तो एका छोट्या सिरॅमिक गोळीवर टेकून फिरतो आणि चुंबकाच्या ओढीने जागेवर राहतो. वंगण म्हणजे लूपमधलं पाणीच. कधी उघडून बघा, वरची मोठी रिंग फिरवून काढली की टॉप निघतं, मधे काळी ओ-रिंग (रबरी कडं), आणि रोटर बोटांनी जरा जोर लावून वर ओढला की चुंबकाची पकड सुटून टचकन हातात येतो, खाली मधोमध ती गोळी चमकताना दिसते. एकदोन वर्षं रंगीत कूलंटवर चाललेला पंप असेल तर त्या वाटीच्या आत बुळबुळीत थर बसलेला असतो, तो कापडाने पुसायचा, गोळीवर ओरखडा नाही ना ते बघायचं, आणि परत बसवायचा. बसवताना ओ-रिंग मुडपली नाही ना ते चारी बाजूंनी बघा, गळती हमखास तिथूनच सुरू होते.

पण याच रचनेमुळे एक गोष्ट कधीच करायची नाही, डी५ कोरडा चालवायचा नाही, "फक्त सुरू होतो का बघतो" म्हणून दोन सेकंद सुद्धा नाही. पाणी नसेल तर वंगण नाही. आणि मोटर वर, पंख्याचं तोंड खाली असा उलटा पण लावू नका, हवा वर चढते आणि नेमकी बेअरिंगपाशी जाऊन बसते. आडवा चालतो, मोटर खाली ठेवून उभा चालतो, फक्त उलटा नाही.

डीडीसीचा आकार हा त्याचा मुख्य गुण, उंची ४ सेंटिमीटरपेक्षाही कमी, अगदी छोट्या केसमध्ये कोपऱ्यात बसतो. दाब चांगला देतो, १८ वॉटवाला प्रकार चांगल्या टॉपसोबत ५ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे डी५ पेक्षा जास्त. अडथळा खूप असेल, दोन तीन ब्लॉक, क्विक डिस्कनेक्ट वगैरे, तर याचा उपयोग होतो. पण त्याच्या बुडाशी सर्किट बोर्ड असतो आणि तो चांगलाच तापतो, डी५ ची उष्णता बरीचशी पाण्यातच जाते, तसं इथे होत नाही. म्हणून डीडीसी घेतलात तर खाली हीटसिंक असलेलं कव्हर घ्या आणि वारा लागेल अशी जागा द्या, फोमवर दाबून बंद कप्प्यात ठेवला तर तो लवकरच मान टाकणार. अजून एक, डी५ चा आवाज खर्जातला, घुमल्यासारखा असतो, डीडीसीचा चिरका, आणि चिरका आवाज कमी असला तरी जास्त त्रास देतो असं माझं मत आहे, काहींना उलट वाटतं. तुमच्या मध्यम केसमध्ये जागा आहे, म्हणून डी५. छोट्या आयटीएक्स केससाठी विचारलं असतंत तर मीच डीडीसी सांगितला असता.

डी५ चे दोन प्रकार, व्हॅरिओ की पीडब्ल्यूएम? व्हॅरिओला मागे छोटा नॉब असतो, १ ते ५, एकदा ३ वर ठेवला की झालं, सॉफ्टवेअरची कटकट नाही. पण नॉब मागे असतो आणि पंप बसवल्यावर तिथे हात जात नाही, आणि खरा वेग शोधायला एकदोन दिवस तरी कमीजास्त करून बघावं लागतं, म्हणून मी पीडब्ल्यूएम सुचवतो. त्याची वायर नीट समजून घ्या: वीज थेट पॉवर सप्लायमधून सॅटा किंवा मोलेक्स कनेक्टरने येते, आणि मदरबोर्डला जाणाऱ्या चार पिनच्या कनेक्टरमध्ये फक्त दोनच तारा असतात, एक वेगाचा सिग्नल आणि एक आरपीएम मोजायची. हे असंच हवं, कारण डी५ पूर्ण वेगात २३ वॉटपर्यंत खातो आणि साधं फॅन हेडर (मदरबोर्डवरची पंखा जोडायची जागा) १ अँपिअरचं, म्हणजे १२ वॉटचं असतं. काही बोर्डांवर २-३ अँपिअरचं पंप हेडर असतं, पण मॅन्युअलमध्ये आकडा बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंपाला सीपीयूच्या तापमानाच्या वक्रावर अजिबात सोडू नका. सीपीयूचं तापमान ब्राउझर उघडला तरी २० अंश उडी मारतं, आणि पंप दर दहा सेकंदांनी हुंदके दिल्यासारखा वरखाली होत राहतो, वैताग येतो नुसता. एकच ठराविक टक्का ठेवा. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर लावणार असाल तर त्यावर पंखे चालवा, पंप तरीही स्थिरच बरा. आणि सिग्नलची तार निघाली तर तुमचा पंप काय करतो हे आधीच बघून ठेवा, काही पूर्ण वेगात जातात, काही मधल्याच एका वेगावर अडकून राहतात.

आरपीएमची तार सीपीयू फॅन हेडरला लावायची, मुद्दामच. त्या हेडरवर शून्य दिसलं की बहुतेक बोर्ड सुरू होतानाच अडवतात आणि ओरडतात. पंप बंद पडला तर सीपीयू स्वतःला वाचवेल, वेग कमी करेल, मशीन बंद करेल, पण तोपर्यंत ब्लॉकमधलं साचलेलं पाणी भरपूर तापलेलं असतं, आणि पीईटीजी प्लॅस्टिकच्या कडक नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात, फिटिंगमधून सरकायला तेवढं पुरतं.

दोन पंपांबद्दल: एकामागे एक लावले की दाबाची बेरीज होते, समांतर लावले की प्रवाहाची. पीसीच्या लूपमध्ये अडचण दाबाची असते म्हणून लावायचे तर एकामागे एक. एक बंद पडला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलत राहतो, हा खरा फायदा, आणि ज्याचं मशीन रात्रंदिवस कामावर असतं त्याने जरूर लावावेत. तुम्हाला दोन रेडिएटर आणि दोन ब्लॉकसाठी काहीच गरज नाही, उलट एक जास्तीचा आवाज आणि गळायला चार जास्तीच्या जागा.

आता टाकी. तापमानाचा गैरसमज आधी संपवू. तुमच्या लूपमध्ये सगळं मिळून समजा १ लिटर पाणी आहे. ५०० वॉट उष्णता येतेय आणि रेडिएटर अजिबात काम करत नाहीयेत असं धरलं तरी ते पाणी १ अंश तापायला ८ सेकंदांच्या आसपास लागतील. आता २५० मिलीच्या जागी ५०० मिलीची टाकी घेतलीत, म्हणजे पाव लिटर पाणी वाढलं. फायदा? दर अंशाला २ सेकंद जास्त. बादली मोठी घेतली म्हणून नळ बंद होत नाही, भरायला वेळ जास्त लागतो एवढंच. तासभर गेम खेळल्यावर पाणी ज्या तापमानावर स्थिरावणार ते रेडिएटरचं क्षेत्रफळ, पंख्यांचा वेग आणि खोलीचं तापमान ठरवतं. तापमान कमी हवं असेल तर जास्तीची जागा टाकीला न देता जाड रेडिएटरला किंवा अजून एका रेडिएटरला द्या.

मग टाकी कशाला लागते? भरायला, हवा काढायला, आणि पंपाच्या तोंडाशी कायम पाणी असावं म्हणून. बस. डी५ आणि डीडीसी दोघेही स्वतःहून पाणी ओढून घेऊ शकत नाहीत, पाणी वरून त्यांच्या तोंडात पडलं पाहिजे, म्हणून टाकी पंपाच्या वर. पूर्वी लोक टाकीऐवजी नळीला नुसता टी-जोड लावून त्यातून भरायचे, तेही चालतं, तापमान तेच येतं, फक्त हवा निघायला दिवसेंदिवस लागतात.

या कामासाठी मोठी टाकी सोयीची असते, हे मात्र खरं. १०० मिलीच्या टाकीत भरताना तारेवरची कसरत होते, पंप क्षणभर चालू केला की टाकी रिकामी, लगेच बंद करा, परत भरा. २०० च्या आसपास जरा श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि छोट्या टाकीत पंप वेगात असला की वरून भोवरा खाली पंपाच्या तोंडापर्यंत पोचतो आणि हवा ओढली जाते, मग लूपमध्ये सतत बुडबुडे आणि पंपातून खडखड. यासाठी टाकीच्या तळाशी भोवरा मोडणारी जाळी किंवा पट्टी असते, ती आहे ना ते घेताना बघा. परत येणारं पाणी वरून धबधब्यासारखं पडत असेल तर तेही फेस करतं, तेव्हा ते पाण्याच्या पातळीखाली सोडणारी आतली नळी असलेली टाकी घ्या किंवा परतीची नळी खालच्या बाजूच्या पोर्टला जोडा. पंप ६० टक्क्यांवर असला की यातलं निम्मं आपोआपच मिटतं.

कॉम्बो म्हणजे पंप आणि टाकी एकत्र, मी तोच सुचवतो कारण मधली नळी आणि दोन फिटिंग वाचतात आणि पंपाला पाणी मिळण्याची हमी. त्याच्यावर आत आणि बाहेर असं लिहिलेलं असतं ते नीट वाचा, पंपाचं बाहेरचं तोंड ठरलेलंच असतं, उलट जोडून चालत नाही. वेगवेगळे घेतलेत तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी जेवढी छोटी आणि सरळ होईल तेवढी करा, आणि त्या बाजूला फिल्टर, क्विक डिस्कनेक्ट, फ्लो मीटर काहीही लावू नका. जे अडवायचं ते पंपाच्या पुढे, मागे नाही.

डिस्ट्रो प्लेट, म्हणजे अॅक्रिलिकची मोठी पाटी जिच्यात टाकी, पंपाची जागा आणि पाण्याच्या वाटा कोरलेल्या असतात, ती दिसते झकास आणि नळ्या एकदम सरळ होतात. पण ती एकाच केसला बसते, तिच्या कडेला भरपूर स्क्रू आणि लांबच लांब ओ-रिंग असते, आणि पुढच्या वेळी केस बदललीत की ती भिंतीवरच टांगायची. पहिल्या लूपला नको असं माझं मत.

पदार्थाबद्दल पटकन. अॅक्रिलिक दिसायला छान पण फिटिंग पान्याने आवळलं की चीर जाते, फिटिंगचे जी १/४ (G1/4) मापाचे आटे ओ-रिंगवर पाणी अडवतात, हाताने घट्ट केलं की पुरे, टेफ्लॉन टेप अजिबात नको. अॅक्रिलिक अल्कोहोलने पुसू नका, ताण असलेल्या जागी बारीक तडे उमटतात, साबणाचं कोमट पाणी बास. काचेची नळी असलेल्या टाक्यांवर सहजासहजी चरे पडत नाहीत. ॲसिटल या प्लॅस्टिकचं टॉप काळं, कंटाळवाणं आणि दणकट, पंपाचं टॉप मी शक्यतो तेच घेतो. आणि टाकी, फिटिंग, रेडिएटर, ब्लॉक यांत कुठेही उघडं ॲल्युमिनिअम नको, तांबं आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनिअम खात जातं. स्वस्त संचांमधले रेडिएटर तर खास बघून घ्या.

केसमध्ये बसवताना कागदावर जमलेलं सगळं फिसकटतं ते झाकणापाशी. टाकी उंच घेतली, छानपैकी रेडिएटरच्या पंख्यांवर बसवली, आणि नंतर कळतं की तिचं वरचं झाकण छतातल्या रेडिएटरच्या बरोबर खाली आलंय, बोट सुद्धा जात नाही, भरणार कुठून. म्हणून टाकीच्या वर कमीत कमी बाटलीचं लांब नळीवालं तोंड जाईल एवढी जागा सोडा, नाहीतर वरच्या पोर्टमधून एक नळी केसच्या छतापर्यंत नेऊन तिथे भरायचं बूच करा. आणि मापं घेताना टाकीच्या ट्यूबचा ६० मिमी व्यास एवढाच धरू नका, रेडिएटर ३० मिमी, पंखा २५ मिमी, वर कंस (ब्रॅकेट) आणि मग ट्यूब, एवढं सगळं ग्राफिक्स कार्डच्या टोकासमोर येतं. पंप कंसाला जिथे टेकतो तिथे रबर किंवा सिलिकॉनची चकती हवी, पत्र्याला थेट स्क्रू केलेला शांत पंपसुद्धा अख्ख्या केसला गुणगुणायला लावतो.

भरताना बाकी सगळ्याची वीज काढा, फक्त पंप. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग लावला की बोर्डाशिवाय सप्लाय चालू होतो. त्याआधी हवेच्या छोट्या पंपाने गळती तपासा, दाब किती ते टाकीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघूनच, ०.५ बारच्या वर तर नाहीच, आणि काटा १५-२० मिनिटं हलला नाही की मगच पाणी. टाकी भरा, पंप क्षणभर चालवा, टाकी रिकामी व्हायच्या आत बंद, परत भरा. पातळी उतरायची थांबली की पंप चालू ठेवून केस हळूहळू पुढेमागे, डावीउजवीकडे कलवा, रेडिएटरमधली हवा ढेकर दिल्यासारखी बाहेर येते. वर थोडी हवेची जागा मुद्दाम सोडा, पाणी तापलं की फुगतं. पहिले काही दिवस पातळी अजून खाली जाईल, ती गळती नाही, उरलेली हवा निघतेय.

पाणी काढायची सोय आजच ठेवा, नंतर जागा मिळत नाही: लूपमधल्या सगळ्यात खालच्या पोर्टला, बहुतेक कॉम्बोत ते पंपाच्या टॉपवरच असतं, एक टी-जोड आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह, त्याच्या तोंडावर बूच. काढताना नळी जोडा, टाकीचं वरचं झाकण उघडा, नाहीतर थेंब थेंबच येत राहील, आणि व्हॉल्व्हचा दांडा केसच्या बाजूच्या पत्र्याला अडकत नाही ना हे पत्रा बंद करून आधीच बघून घ्या.